करंट गेला, चूक आली

तुमची मुलगी काय काम करते असं कोणी विचारलं की अम्मा सांगते, "कंप्यूटरांस निजविते." ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते, पण ते अगदी खरं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात कर्नल नावाचा भाग असतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय या सगळ्यांशी थेट बोलणारा तोच. त्याच्यात वीज वाचवण्याचं काम बघणारा जो कोपरा आहे तिथे मी असते. लॅपटॉपचं झाकण मिटलं की आधी कोणी झोपायचं, नंतर कोणी, किती गाढ, आणि झाकण उघडलं की कोणी कोणाला हलवून उठवायचं, हे ठरवणं म्हणजे माझी नोकरी. कंपनी परदेशातली, टेबल कुंभकोणमच्या आमच्या घरातलं, जवळच्या नाचियार्कोविल गावाला जाणाऱ्या रस्त्यावर खिडकी उघडते तिथलं.

आमच्या घरात मराठी बोलतात. मराठ्यांच्या राज्यात आमची माणसं इकडे आली आणि परत जायचं राहूनच गेलं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. पुण्यात पहिल्या नोकरीला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी "मजला ठाऊक नाहीं" म्हणाले, आणि टेबलावरच्या मुलींचे घास तोंडाशी थांबले. एकीने विचारलं, "तू ऐतिहासिक नाटकातून आलीस का गं?" तिथे राहून त्यांचं मराठी शिकले, तेच हे लिहिते आहे. घरी मात्र जीभ आपोआप जुन्या वळणाला जाते.

गोष्ट सुरू झाली माझ्याच लॅपटॉपपासून. आमच्याकडे महिन्यातून एक दिवस देखभालीसाठी वीज बंद असते, आणि मधूनमधून जाते ती वेगळी. वीज गेली असं इकडे कोणी म्हणत नाही, करंट गेला म्हणतात. आमच्या बाजूचा करंट जातो तोही विचित्र. एकदम जात नाही. जातो, श्वासभर येतो, पुन्हा जातो, आणि मग खरा जातो. झाकण मिटून चार्जिंगला लावलेला लॅपटॉप अशा वेळी मी उघडला की कधी कधी त्याला वात व्हायचा. पंखा घरघरायला लागायचा आणि पडद्यावर ओळींवर ओळी धावायच्या. सगळ्या ओळी एकच सांगत: हार्डवेअरची चूक झाली, दुरुस्त केली. हार्डवेअरची चूक झाली, दुरुस्त केली.

ही 'दुरुस्त केलेली चूक' घाबरण्यासारखी नसते. प्रोसेसर आणि वायफायचं कार्ड यांच्यात एक जोडणी असते, त्यांच्या बोलण्याची वाट म्हणा. एखादा शब्द वाटेत बिघडला तर तो पुन्हा मागून घेतला जातो आणि कर्नलला कळवलं जातं की असं असं झालं होतं, निभावलं. अधूनमधून एखादी चूक आली तर कोणी ढुंकून बघत नाही. माझ्याकडे मात्र त्यांचा पूर आला होता. डिस्क भरून जायची.

कर्नलवर काम करणारी जगभरची माणसं एका मेलिंग लिस्टवर बोलतात. मी तिथे तक्रार लिहिली. आमच्या भागाची जबाबदारी असलेला मेंटेनर कुठल्याशा थंड देशात राहतो. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: माझ्याकडे असं होत नाही. लिस्टवर दुसऱ्या कोणाकडेही होत नव्हतं. फक्त एका माणसाने लिहिलं: माझ्याकडेही हाच लॅपटॉप आहे, माझ्याकडेही हेच होतं, सोबत लॉग जोडला आहे. खाली सही म्हणून फक्त आद्याक्षरं.

मी म्हटलं, वा, निदान एक तरी सोबती मिळाला. आणि उत्साहाने पॅच, म्हणजे कर्नलमध्ये करायची छोटी दुरुस्ती, लिहून पाठवला. पॅच सोपा होता. या कार्डाच्या अशा चुका कळवूच नका, एवढंच त्यात होतं. चूक दुरुस्त होतेच आहे, मग ओरडायचं कशाला?

आद्याक्षरवाल्याने ताबडतोब विरोध केला. "चूक खरं बोलते आहे," त्याने इंग्रजीत लिहिलं. "कृपया तिचं तोंड दाबू नये."

मला इतका राग आला की मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या मिरच्या उगाच पुन्हा पसरल्या. मग खाली येऊन लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचं त्याहून लांब आलं. पुढे बरेच दिवस आमचं भांडण त्या लिस्टवर चालू राहिलं, अशा गुळगुळीत इंग्रजीत की बाहेरच्याला वाटावं दोन राजदूत एकमेकांना चहाला बोलावताहेत. माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारा यायचा. पांढरी दाढी, लोकरी टोपी, बाहेर बर्फ, आत पुस्तकांचे ढीग. मी जेवताना अम्माला सांगायची, "आज म्हातारा पुनः बोलिला." अम्मा म्हणायची, "वयस्कर मनुष्य आहे, सोडून दे."

मग तो दिवस आला. त्याच्या लॅपटॉपमध्ये आणि माझ्या लॅपटॉपमध्ये असं काय सारखं आहे जे बाकी जगाकडे नाही, हे शोधायचं म्हणून मी आमचे दोघांचे ताजे लॉग शेजारी शेजारी उघडले. लॉग म्हणजे कर्नलची रोजनिशी, तो तिच्यात सगळं टिपून ठेवतो. चार्जरमधून वीज येणं थांबलं, हेही. माझ्या लॉगमध्ये दुपारी एका क्षणी वीज गेली, आली, गेली, आली. त्याच्याही लॉगमध्ये गेली, आली, गेली, आली. त्याच क्षणी.

मला वाटलं मी माझीच फाइल दोनदा उघडली. बंद केली, पुन्हा उघडली. नाही. एक माझी, एक त्याची. मग मागच्या आठवड्याचे काढले. पुन्हा तेच. आमचे दिवे सेकंदासकट एकत्र लुकलुकत होते.

मी किंचाळले. अम्मा पळत आली.

"काय झालें? शॉक लागला कां?"

"अम्मा, त्यांच्या येथेंही काल करंट गेला होता!"

"कोणाच्या येथें?"

"ठाऊक नाहीं!"

"ठाऊक नाहीं, तर इतकें नाचावयाचें काय?"

पण मी नाचतच होते. लोकरी टोपीवाला म्हातारा आमच्याच तारेवर बसला होता! एकाच सबस्टेशनची वीज खाणारी आम्ही दोन माणसं, थंड देशातल्या एका लिस्टवर इंग्रजीत भांडत होतो. बाकी जगाकडे ही चूक का येत नाही तेही तिथेच उलगडलं. बाकी जगाचा करंट असा जात-येत-जात नव्हताच.

आता तो कोण हे कसं विचारावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात मेंटेनरनेच काम करून टाकलं. त्याने आद्याक्षरवाल्याला लिहिलं की तुम्ही इतकं तपासून देता, तर तुमचं नाव नोंदवायला आवडेल, पण पूर्ण नाव लागेल. दुपारपर्यंत उत्तर आलं. नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याच्या शेवटी 'बाई' होतं.

तमिळ मुलखात नावाच्या शेवटी 'बाई' म्हणजे बहुतेक आमच्यातलीच. मी त्या दोन अक्षरांकडे बघत बसले. दाढी गळून पडली, टोपी गेली, बर्फ वितळलं. मग लिस्ट बाजूला ठेवून मी तिला खाजगी मेल केला. देवनागरी वाचता येत असेल की नाही कोण जाणे, आमच्यातले पुष्कळ लोक मराठी लिहितात ते तमिळ लिपीत, म्हणून रोमन अक्षरांत एकच ओळ लिहिली:

"तुमच्या येथें करंट आहे कां?"

पाठवून बसते न बसते तोच उत्तर.

"आत्तां आला. तुम्हीं कोण? कोठें असतां?"

"कुंभकोणमास."

यावर आलेला मेल नुसता उद्गारचिन्हांचा होता. त्याच्या खाली: "मी नाचियार्कोविलास!" आणि फोन नंबर.

फोन लावला. पलीकडे कोणीतरी उचलला आणि बोलण्याआधी आम्ही दोघीही हसायलाच लागलो. थांबेचना. एक थांबली की दुसरी सुरू. शेवटी तीच म्हणाली, "तूंच कां ती, चुकीचें तोंड दाबणारी?"

"तुम्हींच कां त्या म्हाताऱ्या?"

"म्हातारी? पन्नाशींत आहें अजून! उद्यां ये. लॅपटॉप घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाचियार्कोविलची बस पकडली. अम्माने मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा दिला होता आणि बजावलं होतं की कोणाच्या घरची ते विचारून ये. दोन्ही बाजूंना भातशेतं, मांडीवर लॅपटॉप, त्यावर डबा, आणि मी खिडकीशी बसून उगाचच हसत होते. शेजारच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं, मुलगा बघायला चाललीस का? मी म्हटलं, नाही, एक चूक बघायला.

तिचं घर म्हणजे पुढे पितळी दिव्यांचं दुकान आणि मागे राहती जागा. दुकानात माणसाच्या उंचीच्या समया रांगेने उभ्या, वर पितळी पक्षी. त्यांच्यामधून वाट काढत ती आली. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, कानामागे पेन्सिल. मी तिला अक्का म्हटलं आणि तिने मला हाताला धरून आत नेलं.

अक्का बंगळूरला पुष्कळ वर्षं मोठमोठ्या सर्व्हरांवर काम करत होती, हार्डवेअरच्या चुका कळवण्याच्या भागात. मुद्दाम खोट्या चुका घालायच्या आणि कर्नल त्या नीट सांगतो की नाही ते पाहायचं, हे तिचं काम. सासऱ्यांनंतर दुकान सांभाळायला नवरा गावी आला, तशी तीही आली, आणि आता इथूनच काम घेते. "बंगळुरास माझ्या टेबलाभोवतीं दहा जण असत," ती म्हणाली. "येथें चुकीविषयीं बोलावयाचें तर समयांशीं."

त्या पहिल्या तासात आम्ही किती बोललो! एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती, तेही चुकीचं. या विषयावर आमच्या भाषेत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आजवर माझं सगळं काम इंग्रजीत झालेलं, आणि इथे अक्का सरळ म्हणत होती, "कार्ड निजतें खरें, पण गाढ निजतें कीं नुसतें डोळे मिटून पडतें?" आणि मी म्हणत होते, "गाढ निजतें, पण उठविल्यावर 'ओ' देत नाहीं." मधल्या खोलीत टीव्हीसमोर बसलेल्या तिच्या सासूबाईंनी, मी त्यांना आजी म्हणत होते, एकदा वळून विचारलं, "कोणाचें लेंकरूं?"

मग कामाला लागलो. चूक आमच्या डोळ्यांसमोर घडायला हवी होती, म्हणजे करंट जायला हवा होता. आणि त्या दिवशी करंट हलेना! एरवी कॉफीचा पहिला घोट घेईपर्यंत जाणारा करंट त्या दिवशी देवळातल्या दगडासारखा स्थिर. आम्ही दोघी पडवीत दोन लॅपटॉप मांडून वर पंख्याकडे बघत बसलो. पंखा गरगर फिरत होता. "जा कीं रे," अक्का त्याला म्हणाली.

हाताने चार्जर काढून बघितला. झाकण मिटायचं, झोपू द्यायचं, चार्जर काढायचा, लावायचा, काढायचा, झाकण उघडायचं. काही नाही. लॅपटॉप शहाण्यासारखा उठायचा.

"हात सावकाश आहे," अक्का म्हणाली. "करंट चटकन जातो-येतो. प्लग काढूं-घालूं तोंवर हा उठून, तोंड धुऊन बसतो." मग तिचा चेहरा उजळला. "मेन स्विच!"

मेन स्विच जिन्याखाली होता. पण एकीने स्विचपाशी, दोघींनी लॅपटॉपांपाशी असायला हवं, आणि आम्ही दोघीच. अक्काने दुकानाकडे तोंड करून हाक मारली आणि तिचा नवरा आला. त्यांना मी भावजी म्हणते. ते शनिवारी विठ्ठलाच्या भजनात झांजा वाजवतात. अक्काने त्यांना समजावलं की करंट घालवायचा आहे, पण कसाही नाही. "गेला, आला, गेला, असा. एका दमांत. ताल चुकूं नये."

भावजींनी एकदम भजनातला चेहरा केला. "विलंबित कीं द्रुत?"

"द्रुत!"

पहिल्या वेळी त्यांनी नुसताच करंट घालवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मधल्या खोलीतून आजींचा आवाज आला, "अरे, मालिका!" मालिकेतलं लग्न भर मांडवात मोडायच्या बेतात होतं. दुसऱ्या वेळी भावजी घाईत तीनदा जास्त खटखटले. तिसऱ्या वेळी मी झाकण उघडायला उशीर केला, कारण मला हसू आवरत नव्हतं. दुकानातून कोणा गिऱ्हाइकाने ओरडून विचारलं काय चाललंय, आणि भावजींनी जिन्याखालून उत्तर दिलं, "टेस्टिंग!"

पुढच्या वेळी सगळं जुळलं. भावजींनी डोळे मिटून घेतले, मान हलवली, आणि खट्-खट्-खट्. त्याच ठोक्याला आम्ही दोघींनी झाकणं उघडली.

पंखे घरघरले. ओळी धावायला लागल्या. दोन्ही पडद्यांवर. हार्डवेअरची चूक झाली, दुरुस्त केली, झाली, दुरुस्त केली.

"आली! आली! चूक आली!" आम्ही एकमेकींना धरून उड्या मारत होतो. अक्काची पेन्सिल कुठेतरी उडाली. भावजी जिन्याखालून डोकं आपटत बाहेर आले, "आली कां? खरेंच आली कां?"

आजी उठून दारात आल्या. "कोण आली?"

"चूक!"

"कोणाची?"

"वायफायची!"

आजींनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "तिकडे मुलीचें लग्न मोडत आहे, आणि येथें हें," म्हणाल्या आणि काळ्या टीव्हीसमोर जाऊन बसल्या.

मग खरं डोकं लावायचं होतं. मी माझ्या सवयीने झोपण्या-उठण्याचा क्रम बघायला लागले. अक्काने माझा हात धरला. "आधीं चूक काय सांगते तें ऐक. कोण सांगते आहे?" मी पाहिलं. जोडणीला दोन टोकं असतात, एक प्रोसेसरकडचं, एक कार्डाकडचं, आणि चूक दिसली तर दोन्ही टोकांना तक्रार करता येते. इथे सगळ्या तक्रारी प्रोसेसरकडच्या टोकाच्या होत्या. कार्ड एक अक्षर बोलत नव्हतं.

"म्हणजे कार्डास ठाऊकच नाहीं कीं कांहीं बिघडलें आहे," अक्का म्हणाली.

आणि ते ऐकल्याबरोबर मला माझी बाजू दिसली. इतके दिवस नाकासमोर होती. लॅपटॉप उठताना कर्नल दोन्ही टोकांना आठवण करून देतो की तुम्ही किती गाढ झोपायचं आणि हाक मारल्यावर उठायला किती वेळ घ्यायचा, हे तुमचं आधी ठरलं होतं. आधी एका टोकाला सांगतो, मग दुसऱ्याला. या दोन्हींच्या मधल्या फटीत करंट गेला, की वीज वाचवणारा भाग धावत येतो आणि म्हणतो, बॅटरीवर आहोत, झोपा! एक टोक ठरल्याप्रमाणे झोपतं. दुसऱ्याला अजून काही सांगितलेलंच नसतं, ते आपल्या मनाने झोपतं. मग एक हाक मारतं तेव्हा दुसरं अर्धवट झोपेत असतं, शब्द बिघडतो, पुन्हा मागतात, पुन्हा बिघडतो.

मी हे धडाधडा बोलून दाखवलं. अक्काने पाठीवर थाप मारली, इतकी जोरात की मी खोकले. मी पाठवलेला तो तोंड दाबणारा पॅच लागला असता तर जोडणी बिघडलेलीच राहिली असती आणि कोणाला कळलंही नसतं. आम्ही दोघी एकदम काम करायला लागलो.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका छोटा होता. दोन्ही टोकांना सांगून होईपर्यंत वीज वाचवणाऱ्याने दाराबाहेर थांबायचं, एवढंच. मी लिहिलं, अक्काने वाचून एक ओळ खोडली, मी ती परत घातली, तिने परत खोडली, आणि तिचंच बरोबर होतं. नवा कर्नल तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात पानं मांडली. सांबार, रसम, दही. आम्ही जेवता जेवता पडवीतल्या लॅपटॉपकडे माना वळवून बघत होतो. भावजींना मुळीच भूक नव्हती. ते हात धुऊन आधीच जिन्याखाली जाऊन उभे होते.

खट्-खट्-खट्. झाकणं उघडली. शांतता. पंखे मंद. पडद्यावर एकही ओळ नाही.

भावजींचा चेहरा उतरला. "आली नाहीं? माझें चुकलें कां?"

"नाहीं, भावजी, हेंच बरोबर! येऊंच नये!"

त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा केलं. पुन्हा केलं. मग मध्य लयीत, मग द्रुत, मग मधेच एक तुकडा घातला, आणि त्या तुकड्यात जिन्याखाली 'फट्' असा आवाज होऊन फ्यूज गेला.

आता आजी आल्या त्या हातात टीव्हीचा रिमोट घेऊन, आणि तो त्यांनी आमच्या समोर भुईवर ठेवला. अक्काने लगेच फ्यूजची तार काढली. तार बसवून होईपर्यंत मालिका संपली होती, आणि त्या लग्नाचं काय झालं हे शेजारणीला विचारून येण्याची शिक्षा भावजींना झाली. लग्न मोडलं होतं. आजींना समाधान वाटलं.

पॅच आम्ही फोनच्या इंटरनेटवरून पाठवला. आधी कोणाचं नाव यावर भांडलो. ती म्हणे तुझं, मी म्हणे तिचं. शेवटी लिहिणारी म्हणून माझं, सोबत काम करणारी म्हणून तिचं. मग तिने खाली आणखी एक ओळ घातली. हे तपासून पाहिलं, अमुक राव यांनी. भावजींचं पूर्ण नाव.

मेंटेनरने पॅच वाचला, दोन ठिकाणी नावं बदलायला सांगितलं, आणि विचारलं, हे गृहस्थ कोण, त्यांच्याकडे कोणतं हार्डवेअर आहे?

अक्काने उत्तर दिलं, "मेन स्विच."

आणि त्या माणसाने, ज्याला लिस्टवर कधी कोणी हसताना पाहिलं नव्हतं, त्याने उत्तरात पहिल्यांदा एक हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं: घेतला.

पॅच गेला, कर्नलची नवी आवृत्ती आली. भावजी आता समई बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात की जगातल्या कितीतरी यंत्रांच्या पोटात माझं नाव आहे. आजींनी एकदा विचारलं, "तूं काय केलेंस त्यांत?"

"करंट घालविला, अम्मा," भावजी आईला म्हणाले.

"त्याला नांव घालतात?" आजी म्हणाल्या. "करंट ऑफिसांतले तें रोज करतात."

मी घरी हे सगळं इतक्या वेळा सांगितलं की एका शनिवारी अम्माच माझ्याबरोबर निघाली. तिला ना चुकीत रस होता, ना पॅचमध्ये. ती आणि आजी टीव्हीसमोर बसल्या, टीव्ही बंद केला, आणि कोण कोणाची यावर चौकशी सुरू झाली. कॉफी यायच्या आत त्या दोघी बोलता बोलता तिरुविसनल्लूर गावातल्या एका घरापाशी जाऊन पोचल्या, आणि अम्माने आजींचा हात धरून आतून हाक मारली, "अग, इकडे ये! हिची आई माझी मावसबहीण!"

आम्ही सगळ्यांनी बोटांवर हिशेब लावला. म्हणजे ज्यांना मी आजी म्हणत होते त्या नात्याने माझी बहीण. पिकल्या केसांचे भावजी माझे भाचे. आणि अक्का माझी भाचेसून.

पहिली अक्काच सावरली. उठून, पदर नीट करून, गंभीर चेहऱ्याने तिने मला वाकून नमस्कार केला. "मावशी," ती म्हणाली, "आशीर्वाद द्या." मी काय आशीर्वाद दिला ते आठवत नाही, मी पोट धरून खाली बसले होते.

तेव्हापासून ती मला सगळ्यांसमोर मावशी म्हणते. लिस्टवरसुद्धा. माझ्या पॅचवर एखादी शंका काढायची असली की तिचा मेल सुरू होतो: मावशी, इथे एक गोष्ट बघा. मेंटेनरला ते माझं टोपणनाव वाटलं असावं. परवा त्याने माझा एक छोटा पॅच घेतला आणि खाली रोमन अक्षरांत, अगदी नीट, लिहिलं होतं: आभारी आहे, मावशी.